बोटीवरचा मुऱ्हाळी

हिलाल नाना दुसऱ्यांच्या लेकी आणायला जातात.

हा त्यांचा धंदा नाही, याचं कुणी काही देत नाही आणि दिलेलं ते घेतही नाहीत. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं. आखाजी, म्हणजे तुमची अक्षय तृतीया, जवळ आली की सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी यायचं आणि त्यांना आणायला घरचा पुरुष जायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. त्या माणसाला मुऱ्हाळी म्हणतात. खरं तर हे भावाचं काम. पण गावातले भाऊ आता सुरतेला नाही तर पुण्याला कंपनीत. भावाला सुट्टी नसते, बापाचे गुडघे दुखतात, म्हणून मग नाना जातात. नाना नात्याने कुणाचेच कुणी नाहीत. लग्न केलं नाही, बहीण नव्हतीच. त्यामुळे ते सगळ्यांना सारखेच परके आणि म्हणून सगळ्यांना चालतात.

आमची चार-पाच जणांची एक संघटना आहे धुळ्यात. आम्ही पत्रकं काढतो आणि बसस्थानकावर वाटतो. स्थानकावर बायकांसाठी धड मुतारी नाही, यावर काढलं, हमालांच्या मजुरीवर काढलं. आणि एका आखाजीला मी या मुऱ्हाळी प्रकारावर काढलं. मथळा होता, 'बाई म्हणजे पार्सल नव्हे!' मजकूर सरळ होता. बाईच्या हातात मोबाईल आहे, तिला बसचं अर्धं तिकीट आहे, ती शेत सांभाळते, हिशेब सांभाळते, मग तिला माहेरी यायला पोचवणारा पुरुष कशाला? ती स्वतःच्या पायांनी येऊ शकत नाही का? आणि तिला यायचंय की नाही, हे तिला कुणी विचारतं का? मला यातला एकही शब्द आजही मागे घ्यायचा नाही.

नानांनी ते पत्रक पोरांकडून पारावर मोठ्याने वाचून घेतलं. शांतपणे ऐकलं. मग मला म्हणाले, "येई सकस वं ती एकली. पन माले लेवाले कोनी उनं नही, हाई ती कोनले सांगी?"

मी म्हणाले, "'मला न्यायला कुणी आलं नाही' हा भावनिक मुद्दा झाला, नाना."

"व्हई," नाना म्हणाले, "पन कागद चांगला शे. जाड शे. उरेल शे का अजून?"

उरलेला गठ्ठा ते घेऊन गेले. मला वाटलं, वाटणार असतील. त्या वर्षीपासून नाना लेकींच्या सासरी ज्या सांजोऱ्या नेतात, त्या माझ्या पत्रकात गुंडाळलेल्या असतात.

नानांची कामाची पद्धत ठरलेली आहे. धुवट पायजमा, टोपी, खांद्यावर उपरणं, हातात पिशवी. प्रत्येक रस्त्याला ते 'लाईन' म्हणतात आणि प्रत्येक लाईनबद्दल त्यांचं मत आहे. "रावेर लाईनले खड्डा भू, पन मानसं मोकळा." "फैजपूर लाईनले बस भरेल ऱ्हास, पन डायवर समजदार." नव्या गावाला जायचं असलं की म्हणतात, "लाईन नवी, काम जुनं," आणि निघतात.

सासरच्या दारात पोचले की घरचे पाय धुवायला पाणी आणतात. नाना पाय धूत नाहीत. "पहिले हा म्हना," ते म्हणतात, "मंग धुसू." पोरीला पाठवतो, असं घरातलं मोठं माणूस कबूल करेपर्यंत त्या घरचं पाणी नाही, चहा नाही, ताट तर नाहीच. ओट्यावर बसून राहतात. ना भांडण ना आवाज. दारात माणूस उपाशी बसलाय म्हटल्यावर गल्ली बघायला लागते आणि सासू विरघळते. रावेरला एका सासूने सांगितलं, केळीची कापणी चालू आहे, सून कशी पाठवू? नाना उठले आणि त्यांच्या मळ्यात जाऊन घड वाहायला लागले. ट्रक भरून निघाला तसे परत ओट्यावर. "केळी गयी. आते हा म्हना." ती सासूसुद्धा हसली म्हणे.

मी नानांना एकदा सांगितलं की याला सत्याग्रह म्हणतात, आम्ही हेच करतो, फक्त बॅनर लावून. नाना म्हणाले, "आंदोलन नही वं. रीत शे."

तर, यंदाची गोष्ट ज्योतीची.

ज्योती माझ्या वर्गातली. वडील लहानपणीच गेले, आईने मजुरी करून शिकवलं. हॉटेलचा कोर्स करून ती बोटीवर लागली. ही मालाची बोट नव्हे. लोक पैसे देऊन समुद्रावर राहायला जातात, ती. आठ-नऊ मजले, पोहायचा तलाव, नाटकगृह आणि शेकडो खोल्या. त्या खोल्या झाडायचं, चादरी बदलायचं काम ज्योतीकडे. मागच्या पावसाळ्यात तिची आई गेली तेव्हा ज्योती कुठल्या तरी दूरच्या समुद्रात होती. ती येऊ शकली नाही. भाड्याचं घर मालकाने दुसऱ्याला दिलं. या चैत्रात तिचा मला निरोप आला, बोट सध्या मुंबईहून गोव्याला फेऱ्या मारते आहे. पुढे लिहिलं होतं, 'यंदा आखाजीला मला कोण बोलावणार?'

मी तो निरोप आईला वाचून दाखवत होते आणि नाना ओट्यावर चहा पीत होते, एवढंच. चहाचा कप खाली ठेवून नाना म्हणाले, "कोनती लाईन शे ती?"

"नाना, ती बोट आहे."

"बोटनी लाईन ऱ्हास ना?"

मी कंपनीचं नाव सांगितलं. आमच्या तालुक्यात ते कुणी ऐकलेलं असण्याची शक्यता नव्हती. मी म्हणाले, मुऱ्हाळी लग्न झालेल्या मुलीला जातो आणि ज्योतीचं लग्न झालेलं नाही. नाना म्हणाले, "पोर घर सोडीसनी दुसरानं घर झाडाले गयी, ते सासरच शे." मी म्हणाले, बोटीवर नुसतं भेटायला जाता येत नाही, प्रवाशाचं तिकीट काढावं लागतं आणि ते फार महाग असतं. "तुले भाव कोनी इचारा?" मी म्हणाले, आणून तिला सोडणार कुणाच्या घरी? नानांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, "ते पाहूत. तू चाल संगे. भांडाले मानूस जोयजे, तो बी इंग्रजीमा."

भांडायला म्हटल्यावर मी तयारच होते. सुट्टी न देणाऱ्या कंपन्यांवर माझ्याकडे मजकूर तयार असतो. मी एक पत्रक इंग्रजीत करून घेतलं आणि पिशवीच्या तळाशी ठेवलं.

मुंबईच्या बंदरावर विमानतळासारखी तपासणी असते. नानांच्या पिशवीतले आंबे तिथल्या लोकांनी काढून घेतले. बाहेरची फळं चालत नाहीत म्हणाले. सांजोऱ्यांचा डबा उघडून, वास घेऊन, माझं पत्रक उलटसुलट पाहून परत दिला. भाकरी-दशम्यांचं गाठोडंही जाऊ दिलं. मी नियम दाखवा म्हणून भांडणार होते, पण नानांनी मला उपरण्याने अडवलं. "सासर कडक शे," ते खूश होऊन म्हणाले. कडक सासराबद्दल त्यांना मनातून आदर असतो.

बोटीच्या दारात एक मुलगी लाल सरबताचे ग्लास घेऊन उभी होती. नानांनी दोन्ही हात जोडले. "पहिले हा म्हना."

मुलगी हसत राहिली. त्यांना हसायचाच पगार असतो, हे माझं मत नाही, ज्योतीने सांगितलेलं आहे. मी नानांचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं. तिला वाटलं, साखरेचा त्रास आहे. तिने साधं पाणी आणलं. नानांनी पुन्हा हात जोडले.

बोट हलली. नाना एक मजला चढून, एक उतरून सगळं बघून आले. त्यांची एकच तक्रार होती. "डायवर दिसत नही अशी गाडी पहिलींदाच पाही." बुडायची वेळ आली तर काय करायचं याची कवायत झाली, तेव्हा ते पहिल्या रांगेत होते. सगळं आधीच सांगून टाकणारं सासर त्यांना फार आवडलं.

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. पण पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती बसलेला होता. सोंड, कान, सगळं. नाना कितीतरी वेळ त्याच्यापुढे उभे राहिले. "ज्योतीनी कया का?" मी म्हणाले, या मजल्यावर दुसरं कुणी असेल, पण ती पण असेच करते. नानांनी तो हत्ती दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवला. आंघोळीनंतर अंग उपरण्याला पुसलं. दुसऱ्या दिवशी खोलीत हंस आला, तोही शेजारी ठेवला. नाना कोणत्याच टॉवेलला हात लावायला तयार नव्हते. "कोनी पोरनी मेहनत करीसनी बनाडेल शे. मोडानं कसं?"

आणि मग जेवणाची वेळ झाली.

तुम्ही ते जेवण बघितलेलं नसेल तर सांगते. एक आख्खा मजला फक्त खाण्याचा. भातांचे प्रकार, पावांचे डोंगर, केकचे वाडे, कोपऱ्यात डोळ्यांदेखत तळली जाणारी जिवंत जिलेबी. कितीही घ्या, कितीदाही घ्या. लोक ताटात इतकं घेतात आणि इतकं टाकतात की माझ्या डोक्यात तिथल्या तिथे एक पत्रक तयार झालं. आणि या सगळ्याच्या मधोमध, खुर्चीवर ताठ बसून, समोर रिकामं टेबल ठेवून, हिलाल नाना हात जोडून होते.

पहिल्यांदा एक वाढपी आला. मग दोन आले. मग भारतीय जेवणाचा आचारी टोपी सावरत आला आणि हिंदीत म्हणाला, "बाबूजी, जैन चाहिए? बिना लहसुन?" नाना म्हणाले, "लहसुन तो जान है. पन पहिले हा बोलो." आचारी गेला आणि कुठून तरी हिरव्या मिरचीचा ठेचा करून आला. नानांनी वास घेतला. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली झालेली मी पाहिली. "ताट राजासारखं है," ते म्हणाले आणि ठेचा मानाने परत केला.

शेजारच्या टेबलावरचे नाशिकचे एक गृहस्थ मला हळूच म्हणाले, "काका कसल्या डाएटवर आहेत का?"

"मुऱ्हाळी आहेत," मी म्हणाले.

"म्हणजे कोणतं ते? आमच्या डॉक्टरांनी नाही सांगितलं."

जेवणं झाल्यावर नाना उघड्या डेकवर, अगदी कठड्याजवळ गेले आणि गाठोडं सोडून आपली दशमी खाल्ली. सासरच्या गावाच्या शिवेबाहेर आपलं आपण खायचं, असा त्यांचा नियम. "शीव आठेच शे," कठड्याला हात लावून म्हणाले, "याना पुढे पानी."

माणूस पूर्ण पैसे भरून आलाय आणि काही खात नाही, यासारखं संकट त्या बोटीवर बहुधा कधी आलं नव्हतं. सकाळच्या नाश्त्यालाही नाना हात जोडून बसले, तशी आमच्याकडे साहेब लोकांची रांग लागली. खोली बदलून देऊ का? खिडकीवाली देऊ का? तक्रार लिहून देणार नाही ना? नाना प्रत्येकाला एकच विचारत होते, "घरमा मोठं कोन शे?" मी भाषांतर करत होते आणि शेवटी ज्योतीचं नाव सांगून टाकलं.

त्या दिवशी बोट गोव्याला लागली होती. प्रवासी उतरून गेले, बोट रिकामी झाली, तेव्हा खोल्यांच्या कामाच्या प्रमुख बाई स्वतः आल्या. सुझन मॅडम. मंगळूरकडच्या, भारी अंगाच्या, कमरेला किल्ल्या-वॉकीटॉकी, चेहऱ्यावर न झालेली झोप. नाना उभे राहिले. ही सासू, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"नमस्कार विहीनबाई," नाना म्हणाले. "आखाजी उनी. पोर धाडा."

मी माझं इंग्रजी पत्रक काढलं. कामगाराचा सुट्टीचा हक्क, आईच्या मृत्यूलाही न सोडणं, हे सगळं मी एका दमात बोलले. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "मैं कब से बोल रही हूँ उसको, घर जाओ."

मला आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, ज्योतीचा करार या फेरीलाच संपतो. पावसाळ्यात बोट परदेशी जाते. बाकीच्या पोरी दिवस मोजतायत. ज्योतीने मात्र स्वतः येऊन करार वाढवून मागितला आहे. "मैंने पूछा, क्यों? बोली, मॅडम, उतरके जाऊँ कहाँ?"

माझं पत्रक हातातच राहिलं. भांडायला समोर कुणी नव्हतं. मी नानांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आजवर कितीतरी सासवा, दीर, जावई त्यांनी ओट्यावर बसून वाकवले होते. पण सासरने हो म्हटल्यावर पोर येणारच, हे त्यांनी धरलेलं. पोरीलाच विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मॅडमनी ज्योतीला बोलावलं. ती गणवेशात, केस घट्ट बांधून, धावत आली. नाना दिसले तशी मधेच थांबली. मग नुसती "नाना!" म्हणून हसली आणि लगेच डोळे पुसले.

नानांनी सांजोऱ्यांचा डबा पुढे केला. तिने तेलकट पत्रक उलगडलं, मथळा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अजून हेच धंदे का तुझे?" सांजोरीचा एक तुकडा मॅडमना दिला, एक स्वतः खाल्ला. खाता खाता विचारलं, "नाना, लेवाले ते उनात. पन कोना घर लई जाशात?"

हाच प्रश्न मी विचारला होता. नाना टोपी काढून गुडघ्यावर फिरवत बसले.

"मना घर," शेवटी म्हणाले.

ज्योतीने हातातली सांजोरी डब्यावर ठेवली.

"रंग दिना," नाना म्हणाले. खाली बघत एकेक सांगत गेले. घराला रंग दिला. मोरीला दार बसवलं, कडी लावली. अंगणातल्या निंबाला झोका बांधला. आखाजीचे झोके माहेरवाशिणींसाठी बांधतात, ज्या घरी लेक येणार त्याच घरी. "बठ्ठा गावनी पाहा तो झोका. आते खाली ऱ्हायना ते गाव हासी माले." मग एकदम तिच्याकडे बघून, सासूपुढे कधी बोलले नसतील इतक्या हळू म्हणाले, "तू सांग. येस का?"

मला वाटलं होतं, ती रडेल. ती उठली आणि म्हणाली, "झोक्याचा दोर नवा आहे ना? मागे आमच्या गल्लीत तुटला होता."

"नवा शे! बैलले बांधो असा शे!"

"मग येते," ज्योती म्हणाली.

सुझन मॅडमनी वॉकीटॉकीत काहीतरी सांगितलं आणि कुठून तरी आचारी, वाढपी, सरबतवाली मुलगी, सगळे गोळा झाले. नानांनी पाय धुतले. बोटीवर तांब्या नाही, म्हणून बर्फाच्या भांड्यातून पाणी ओतलं, आणि ते ओतायचा मान आचाऱ्याने घेतला. त्यानंतर नाना जे जेवले, ते त्या मजल्यावरचे लोक बराच काळ विसरणार नाहीत. जिलेबी वाढणारा पोऱ्या शेवटी ताटच तिथे ठेवून निघून गेला. मुंबईला उतरताना नानांनी आपलं मत दिलं, "लाईन चांगली शे. डायवर तेवढा दाखाडाले जोयजे."

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही गावात पोचलो. ज्योती नानांच्या घरात गेली, मी माझ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गावभर गाणी चालू होती, आणि नाना आमच्या मागच्या दाराने आत आले. चोरासारखे. माझी आई पुरणाच्या पातेल्याशी होती.

"वहिनी," नाना म्हणाले, "पोर उनी."

"माहीत आहे, नाना. सगळ्या गावाला माहीत आहे."

"हा. पन आते काय करतस?"

आईला कळेना. मलाही कळायला वेळ लागला. इतक्या वर्षांत नानांनी गावाच्या किती लेकी आणल्या. प्रत्येकीला तिच्या दारात सोडलं आणि तिथूनच वळले. दार लागल्यावर आत काय करतात, लेक घरी आली की माणसं काय बोलतात, काय वाढतात, कुठे बसतात, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आईने हात पुसले. "काय करते ती?"

"झोपेल शे. सकायपासून. उठाडू का? झोका शे, जेवन शे... काही चुकनं का मनं?"

"काही नाही चुकलं," आई म्हणाली. "माहेरी आल्यावर झोपतातच. झोपू द्या तिला. तुम्ही काहीच करू नका."

नानांना ते पटायला जरा वेळ लागला. मग ते आले तसे मागच्या दाराने गेले.

थोड्या वेळाने मी पुरणपोळ्या घेऊन त्यांच्या घरी गेले. दार पुढे ओढून घेतलेलं होतं. गल्लीतून कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन येत होतं, वर पोरं, पोरांच्या हातात पिपाण्या. नाना ओट्यावरून उतरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात आडवे केले. ट्रॅक्टर थांबला. "इंजिन बंद कर," नाना म्हणाले. "ढकली लई जाय. धीरे. मनी पोर झोपेल शे."